वॉरंटी आहे, पण पार्ट नाही

जुनी मोटारगाडी विकत घेताना मिळणारी वॉरंटी हे मुळात एक वचन असते. ठरलेल्या मुदतीत गाडीत ठरावीक प्रकारचा बिघाड झाला, तर तो वचन देणाऱ्याच्या खर्चाने दुरुस्त करून मिळेल, एवढाच त्याचा आशय असतो. हे वचन पाळायला कसबी मेकॅनिक लागतो, हत्यारे लागतात आणि बहुतेक वेळा एखादा नवा सुटा भाग लागतो. तो भागच बाजारात नसेल, उत्पादकाने तो बनवणे बंद केले असेल किंवा तो कधी येईल हे कोणीच सांगू शकत नसेल, तर वॉरंटीच्या कागदाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न जुन्या गाडीच्या प्रत्येक ग्राहकापुढे कधी ना कधी उभा राहू शकतो. मात्र तो पुण्या-मुंबईपेक्षा सिंधुदुर्गासारख्या किनारी जिल्ह्यात अधिक जाचक ठरतो.

याची कारणे जिल्ह्याच्या रचनेतच आहेत. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला आणि 1997 मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला सिंधुदुर्ग आठ तालुक्यांत विखुरलेला आहे. वाड्या एकमेकींपासून दूर आहेत, एसटीच्या फेऱ्या ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या रस्त्यांनीच होतात, आणि मालवण, तारकर्ली, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात पर्यटकांची ने-आण हा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग झाला आहे. त्यामुळे चारचाकी ही चैन राहिलेली नसून गरज झाली आहे आणि ती गरज पुष्कळदा जुन्या गाडीने भागवली जाते. कोणी मुंबईकर चाकरमानी आपली वापरलेली गाडी गावाकडच्या नातेवाइकाला देतो, कोणी कोल्हापूर, बेळगाव किंवा म्हापशाच्या व्यापाऱ्याकडून गाडी आणतो, तर कोणी मोबाइलवर फोटो पाहून एखाद्या मोठ्या कंपनीकडून ती मागवतो. अशा व्यवहारात वॉरंटी देणारा जिल्ह्याबाहेर असतो आणि सुटा भागही एक तर घाट उतरून नाही तर मुंबई-गोवा महामार्गाने यावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला की साध्या भागालाही विलंब होतो, मग दुर्मीळ भागाची गोष्टच वेगळी.

वॉरंटी कोणाची?

जुन्या गाडीच्या वॉरंटीचे चार प्रकार व्यवहारात दिसतात आणि भाग मिळत नसेल तेव्हा ग्राहकाचा हक्क किती बळकट आहे, हे त्यातला कोणता प्रकार लागू होतो यावर ठरते. पहिला प्रकार म्हणजे उत्पादकाच्या मूळ वॉरंटीचा शिल्लक काळ. गाडी नवी असताना मिळालेली ही वॉरंटी सामान्यतः गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, पण त्यासाठी आरसी बुकावर नाव बदललेले असणे आणि सर्व्हिसच्या नोंदी अखंड असणे अशा अटी असतात. दुसरा प्रकार म्हणजे मूळ मुदतीनंतर जादा पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी. तिसरा प्रकार जुन्या गाड्यांच्या संघटित विक्रेत्यांचा असून त्यांची वॉरंटी बहुधा सहा महिने किंवा एक वर्ष चालते आणि तिच्यात प्रामुख्याने इंजिन व गिअरबॉक्स यांचा समावेश असतो. चौथ्या प्रकारात विक्रेता कागदावर स्वतःचे नाव न घालता एखाद्या तिसऱ्याच कंपनीची दुरुस्ती योजना ग्राहकाला देतो. याउलट एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली, तर लेखी कबुलीशिवाय सहसा कोणतीच वॉरंटी नसते आणि विक्रेता हा व्यापारी नसल्यामुळे असा वाद साधारणतः ग्राहक आयोगातही जात नाही.

भारतीय कायद्यात वॉरंटीची व्याख्या 1930 च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम 12 मध्ये आहे. त्यानुसार वॉरंटी ही विक्रीच्या मुख्य हेतूला पूरक असलेली अट असून ती मोडली गेल्यास खरेदीदार नुकसानभरपाई मागू शकतो, परंतु केवळ तेवढ्यावर माल नाकारू शकत नाही. याच अधिनियमाचे कलम 16 व्यापाऱ्याने विकलेल्या मालाच्या विक्रीयोग्य दर्जाची अध्याहृत अट, म्हणजे कागदावर न लिहिताही कायद्याने गृहीत धरलेली अट सांगते. मात्र खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबाबत तिचा आधार मिळत नाही. जुन्या गाडीच्या संदर्भात याचा अर्थ असा की, गंजलेला पत्रा पाहूनही गाडी घेणाऱ्याचे गाऱ्हाणे टिकणे अवघड असते, परंतु गिअरबॉक्समधील लपलेला दोष वेगळ्या न्यायाने तोलला जातो.

भाग का मिळत नाही?

‘पार्ट येत नाही’ या गॅरेजमधल्या नेहमीच्या उत्तरामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येक कारणाचा कायदेशीर परिणाम वेगळा असतो. पहिले कारण तात्पुरत्या टंचाईचे आहे. 2021 मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा झाला तेव्हा नव्या गाड्यांचे उत्पादनच रखडले. त्याआधी ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे अनेक देशांत कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या तेव्हा बदली एअरबॅगचा पुरवठा मागणीला पुरा पडेना आणि ती कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. अशा टंचाईत भाग उशिरा का होईना येतो, म्हणून प्रश्न फक्त वाजवी मुदतीचा उरतो.

दुसरे कारण उत्पादक बाजारातून निघून जाण्याचे आहे आणि महाराष्ट्राने ते जवळून पाहिले आहे. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात शेव्हरोले गाड्यांची विक्री थांबवली आणि पुण्याजवळच्या तळेगाव येथील तिच्या कारखान्यातले निर्यातीचे उत्पादनही डिसेंबर 2020 मध्ये बंद झाले. फोर्डने 9 सप्टेंबर 2021 रोजी भारतातील उत्पादन गुंडाळण्याची घोषणा केली, तर निसानने एप्रिल 2022 मध्ये डॅटसन हे नाव भारतात थांबवले. या कंपन्यांनी ग्राहकांना सेवा आणि सुटे भाग पुरवत राहण्याचे आश्वासन दिले होते. तरीही विक्री थांबली की सेवा केंद्रांची संख्या घटते आणि क्वचित लागणारे भाग साठवून ठेवणे कोणाही वितरकाला परवडत नाही. जुन्या बाजारात अशा गाड्यांच्या किमती झपाट्याने उतरतात आणि नेमक्या त्या स्वस्ताईमुळेच त्या मर्यादित ऐपतीच्या ग्राहकाकडे पोहोचतात.

मात्र कंपनी गेली म्हणजे सगळेच भाग गेले, असे समजणे चुकीचे आहे. रांजणगावच्या कारखान्यात बनलेले फियाटचे 1.3 लिटरचे डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांतही बसवले गेले आणि त्याच रचनेचे इंजिन मारुतीने परवान्याखाली स्विफ्टसाठी बनवले, म्हणून फियाट पुंटोच्या इंजिनाचे पुष्कळसे भाग आजही इतर गाड्यांच्या पुरवठ्यातून मिळू शकतात; परंतु त्याच पुंटोची हेडलाइट, बंपर, दाराची काच किंवा डॅशबोर्ड दुसऱ्या कोणत्याही गाडीला लागत नाही. डॅटसन रेडी-गो आणि रेनो क्विड यांचा मूळ सांगाडा समान असल्यामुळे तेथेही असाच फरक पडतो. थोडक्यात, क्लच प्लेट, फिल्टर, बेअरिंग असे झिजणारे भाग बहुधा मिळतात. पत्रा, दिवे, वायरिंग आणि संगणकीय नियंत्रक यांसारखे त्या एकाच मॉडेलचे भाग आधी नाहीसे होतात.

तिसरे कारण इलेक्ट्रॉनिक कुलपाचे आहे. आधुनिक गाडीचे इंजिन ईसीयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या संगणकाच्या आज्ञेवर चालते आणि चोरी टाळण्यासाठी तो संगणक किल्लीशी सांकेतिक पद्धतीने जोडलेला असतो. त्यामुळे भंगार बाजारातून तसाच ईसीयू आणला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय तो गाडीशी जुळवता येईलच असे नाही. येथे वस्तू मिळते, पण ती वापरता येत नाही.

वचन कधी संपते?

भाग उपलब्ध नाही, म्हणून वॉरंटीची जबाबदारी संपली, असे उत्तर ग्राहकाला अनेकदा मिळते. कायदा मात्र इतक्या सहज कोणाला मोकळे करीत नाही. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम 46 सांगते की, वचन पूर्ण करण्यासाठी मुदत ठरलेली नसेल, तर ते वाजवी मुदतीत पूर्ण केले पाहिजे आणि वाजवी मुदत कोणती, हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरते. म्हणजे वॉरंटीच्या कागदावर दिवसांची संख्या नसली, तरी ग्राहकाला अनिश्चित काळ ताटकळत ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

याहून महत्त्वाचे कलम 56 आहे. करार झाल्यानंतर वचन पाळणे खरोखर अशक्य झाले तर करार शून्य होतो, हा त्याचा सर्वपरिचित भाग; परंतु त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, जे वचन अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला ठाऊक होते किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळले असते, आणि वचन घेणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, त्या बाबतीत वचन देणाऱ्याने नुकसान भरून दिले पाहिजे. बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीवर आज वॉरंटी देणारा व्यापारी भागांच्या परिस्थितीविषयी अनभिज्ञ असण्याची शक्यता कमी, म्हणून हा तर्क त्याच्या बाबतीत विशेष लागू पडतो. शिवाय, भाग महाग झाला किंवा दूरवरून आणावा लागतो, ही गैरसोय असली तरी ती अशक्यता ठरत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 याहीपुढे जातो. त्याच्या कलम 2(47) मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत अशी वॉरंटी किंवा दुरुस्तीचे असे आश्वासन स्पष्टपणे समाविष्ट आहे, जे ठळकपणे दिशाभूल करणारे आहे किंवा जे पुरे होण्याची कोणतीही वाजवी शक्यता नाही. कलम 2(11) नुसार संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी आहे. भाग मिळत नाहीत हे माहीत असताना ‘एक वर्ष निर्धास्त’ अशी जाहिरात करून गाडी विकणारा या दोन्ही तरतुदींच्या कक्षेत येऊ शकतो. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, कोणत्या गाडीचे भाग किती वर्षे पुरवलेच पाहिजेत, अशी ठरावीक मुदत या अधिनियमात लिहिलेली नाही. ग्राहकाची मागणी वचनभंगाच्या आणि फसव्या आश्वासनाच्या पायावरच उभी करावी लागते.

मागणी किती ताणता येते, याची मर्यादाही न्यायालयांनी आखून दिली आहे. 2006 मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती असेल, तर तिच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. तरीही ग्राहकाला पैशाच्या रूपाने भरपाई देण्यात आली. 2010 मध्ये फियाट इंडियाविरुद्धच्या प्रकरणात न्यायालयाने इंजिन बदलल्यानंतर गाडीची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी आणि तरीही उत्पादनदोष राहिल्यास किमतीचा परतावा, असा मार्ग सुचवला. या दोन निकालांवरून उपायांची एक चढती पायरी दिसते: आधी दुरुस्ती, मग पर्यायी भाग, मग भरपाई, आणि गाडी उपयोगाचीच राहिली नसेल तर परतावा. भाग न मिळणे म्हणजे पहिली पायरी तुटणे. वरच्या पायऱ्या तशाच राहतात.

दावा नेमका कोणावर करावा, याचा धडा शेजारच्या गोव्यातून मिळतो. तेथील एका ग्राहकाला 2011 मध्ये नव्या गाडीच्या नावाखाली 2009 साली बनलेली आणि आधी चाललेली गाडी मिळाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी 2021 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती, हे सिद्ध झाल्याशिवाय टाटा मोटर्सला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. जुन्या गाडीच्या वॉरंटीतही सही कोणाची आहे, हे पाहणे म्हणूनच निर्णायक ठरते. व्यापाऱ्याने दिलेल्या वॉरंटीसाठी उत्पादकाच्या दारात जाऊन उपयोग होत नाही.

किनाऱ्यावरच्या अटी

वॉरंटीच्या कागदावरील वगळलेल्या बाबींची यादी मालवणच्या किनाऱ्यावर विशेष काळजीपूर्वक वाचावी लागते. झीज होणारे भाग, म्हणजे ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बहुतेक ठिकाणी वगळलेले असतातच. त्याबरोबर गंज आणि पाणी शिरल्याने होणारे नुकसानही पुष्कळदा वगळले जाते. खारी हवा आणि प्रदीर्घ पावसाळा यांमुळे येथे गाडीच्या खालच्या पत्र्याइतकेच वायरिंगचे जोड आणि सेन्सरही खराब होतात, आणि मग बिघाड भागाच्या दोषामुळे झाला की गंजामुळे, हा वाद उभा राहतो. खरेदीच्या दिवशीच गाडी लिफ्टवर चढवून तिच्या तळाचे तारखेसह फोटो काढून ठेवले, तर पुढे हा वाद पुराव्याने सोडवता येतो.

दुसरी अट व्यावसायिक वापराची आहे. खासगी नोंदणीची गाडी पर्यटकांसाठी भाड्याने फिरवली, तर अनेक वॉरंट्या रद्द होतात आणि तसा वापर परवान्याच्या नियमांतही बसत नाही. मात्र रीतसर टुरिस्ट परवाना घेऊन स्वतः गाडी चालवणाऱ्याला ग्राहक संरक्षणाचे दार बंद नाही. व्यापारी हेतूने केलेली खरेदी कायद्याने ग्राहकाच्या व्याख्येतून वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेली खरेदी त्या वगळण्यातून वाचवलेली आहे.

तिसरी अट बाहेरच्या गॅरेजची. अधिकृत केंद्राबाहेर काम केले तर वॉरंटी संपेल, असा धाक सर्रास घातला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो नेमका सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल, आणि स्वतंत्र कारागिराकडे गेल्यामुळे सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीलाही त्या आदेशात आक्षेप घेतला होता. हे प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारवाहनांचाही समावेश आहे. दिशा योग्य असली, तरी सध्या ग्राहकाने आपल्या कागदावरील अट पाळणे आणि बाहेर काम करून घ्यायचे असल्यास लेखी परवानगी घेणे हेच सुरक्षित.

काय करावे?

गाडी घेण्यापूर्वी तिच्या चेसिस क्रमांकावरून पाच-सहा महत्त्वाच्या भागांचे पार्ट नंबर काढून घ्यावेत आणि ते भाग कोल्हापूर किंवा गोव्यातील वितरकाकडे आहेत का, हे विचारावे. हेडलाइट, विंडशील्ड, ईसीयू, एबीएसचे युनिट आणि गिअरबॉक्सचे भाग यांची चौकशी आधी करावी. वॉरंटीच्या कागदावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: भाग ठरावीक दिवसांत न आल्यास त्याच दर्जाचा पर्यायी भाग बसवला जाईल, तोही नसल्यास भागाची आणि मजुरीची रक्कम रोख मिळेल, आणि गाडी गॅरेजमध्ये राहिलेले दिवस मुदतीत मोजले जाणार नाहीत. विक्रेता हे लिहून देण्यास नकार देत असेल, तर त्या नकारातूनच वॉरंटीची किंमत कळते. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी परिवहन कार्यालयाच्या प्राधिकारपत्राची तरतूद झाली आहे, तेही पाहावे. जिल्ह्यातील खरेदीत एमएच-07 च्या कार्यालयात, आणि गोव्याची गाडी असल्यास तेथील ना-हरकत प्रमाणपत्रासह, नाव बदलण्याचे काम लांबवू नये, कारण वॉरंटीचा हक्क सांगायला मालकीचा पुरावा लागतो.

बिघाड झाल्यावर तोंडी बोलण्यावर विसंबू नये. गॅरेजकडून जॉब कार्ड घ्यावे, त्यावर भागाचे नाव, पार्ट नंबर आणि मागणी नोंदवल्याची तारीख लिहून घ्यावी, भाग उपलब्ध नसल्याचे उत्तर ईमेलवर मागावे आणि मुदत देऊन वॉरंटी देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी. पर्यायी गाडीचे भाडे किंवा बुडालेला धंदा यांची भरपाई करार अधिनियमाच्या कलम 73 खाली मागायची असेल, तर पावत्या आणि बुकिंगच्या नोंदी जपून ठेवाव्यात. एवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

त्यानंतरचा मार्ग सिंधुदुर्गनगरी येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. गाडी कोल्हापुरात, पणजीत किंवा मोबाइलवर घेतली असली, तरी 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, ही दूरच्या जिल्ह्यातील ग्राहकासाठी सर्वांत मोलाची सुधारणा आहे. मोजलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती ऑनलाइनही दाखल होते. वॉरंटीची अटच एकतर्फी आणि जाचक आहे, असे म्हणायचे असल्यास मात्र अनुचित कराराचा तो दावा राज्य आयोगापुढे न्यावा लागतो.

सुटा भाग नसणे हे गॅरेजचे अडचणीचे उत्तर असू शकते, वॉरंटी देणाऱ्याच्या सुटकेचे कारण नव्हे; कायद्याचा कल तसा स्पष्ट आहे. परंतु निकाल लागेपर्यंत गाडी अंगणात उभी राहते आणि हप्ते चालूच राहतात. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने किलोमीटर आणि किंमत विचारण्याआधी तिचे भाग कोठे आणि किती दिवसांत मिळतात, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर सहीसह कागदावर घ्यावे.